पणजोबांची मोडीतली कीर्द-खतावणी : जपायची कशी, वाचायची कशी?

पेठेतला (सांगली)

नमस्कार मंडळी,

गणपती पेठेतला आमचा जुना वाडा उतरवायचा आहे. माळा रिकामा करताना पत्र्याच्या पेटीत लाल कापडात बांधलेल्या दोन वह्या निघाल्या. पणजोबांचं हळद-गुळाच्या अडतीचं (शेतकऱ्याचा माल दलालीवर विकून द्यायचं) दुकान होतं, त्या दुकानाच्या. एक कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, आणि एक खतावणी, म्हणजे खातेवार हिशोबाची. लांबट आकार, जाड देशी कागद, सुती दोऱ्याची शिलाई. मजकूर सगळा मोडी. मला आकडे लागतात, अक्षर लागत नाही. पहिल्या पानावर 'श्री', त्याखाली 'शके १८४' आणि पुढचा आकडा डागाखाली.

कौलातून गळलेल्या पाण्याने खतावणीची मागची पानं एकमेकांना चिकटली आहेत. कडांना कसर लागली आहे. कीर्द मात्र चांगली आहे.

घरात तीन मतं आहेत. धाकटा भाऊ म्हणतो, सगळी पानं सुटी करून लॅमिनेट करू. आत्या म्हणतात, लोकांची देणीघेणी घरात ठेवू नयेत, हरिपूरच्या संगमावर सोडून द्या. मला त्या वाचायच्या आहेत. पणजोबांचा फोटोसुद्धा घरात नाही, त्यांच्या हातचं असं एवढंच उरलंय.

आणखी एक. कीर्दीत प्रत्येक दिवसाच्या शेवटी एक बारीक रक्कम आहे आणि तिच्या आधी एकच अक्षर, 'ध' सारखं, पुढे दोन उभ्या रेघा. घरात सगळे म्हणतात व्याज असणार. कुणाला काही सांगता येईल का?

गुऱ्हाळ (कराड)

लॅमिनेशनवाल्या भावाला आधी आवरा. बाकीचं नंतर बघू.

शाई_कागद

पेठेतला, मी ग्रंथालयात जुन्या पुस्तकांच्या डागडुजीचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लॅमिनेशन अजिबात नको. गरम प्लास्टिक एकदा कागदाला चिकटलं की कागद न फाडता ते सुटत नाही, आणि आतला ओलावा आतच अडकतो. सेलोटेपही नको. त्याचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून अक्षरांत उतरतो. शिलाई उसवू नका. कुठलं पान कशानंतर येतं, याचा पुरावा ती शिलाईच आहे.

चिकटलेली पानं हाताने किंवा सुरीने सोडवायला जाऊ नका. जुनी शाई दोन प्रकारची असते. काजळ आणि डिंकाची शाई उजेडाने फिकी पडत नाही, पण ओलं बोट लागलं की फिसकटते. हिराकस घातलेली शाई पाण्याला टिकते, पण वर्षानुवर्षं कागद खात जाते. अशा पानावर अक्षराच्या जागी तपकिरी भोकं दिसतात. तुमची कुठली आहे हे कळेपर्यंत ओलं फडकं लांब ठेवा. ती मागची पानं जाणकाराकडेच द्यायची. हवेतला ओलावा बेताने वाढवून ती सैल करतात, फाटलेल्या जागी पातळ जपानी टिश्यू गव्हाच्या खळीने लावतात. ती खळ नंतर काढता येते, हे महत्त्वाचं.

तोवर घरी एवढंच करा. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा, शिवणीकडून बाहेर. वही आडवी ठेवा, उभी नको. धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात बांधा. डांबराच्या गोळ्या कागदाला लागून ठेवू नका. आणि ती पत्र्याची पेटी जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकून नको.

कृष्णाकाठ (भिलवडी)

वरचं सगळं प्रिंट काढून भिंतीला लावा. २०१९ च्या पुरात आमच्या घरातली दोन कपाटं गेली. पाणी ओसरल्यावर घरच्यांनी ओल्या वह्या कडक उन्हात पसरल्या. शाई पुसली ती पुसली, कागदाच्या विटा झाल्या. नंतर कुणीतरी सांगितलं की लगेच वाळवणं जमत नसेल तर ओली वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवायची, म्हणजे बुरशी थांबते आणि सवडीने वाळवता येते. कृष्णाकाठच्या प्रत्येक घराला हे माहीत पाहिजे.

दप्तरदार (वाई)

शाई_कागद ताईंनी जपण्याचं सांगितलं, मी वाचण्याचं सांगतो.

आधी फोटो. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, कोरी पानंसुद्धा. उजेड खिडकीतून एका बाजूने येऊ द्या, फ्लॅश नको. पानाशेजारी पट्टी ठेवा म्हणजे आकार कळतो. पानाच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने क्रमांक घाला आणि तोच क्रमांक फोटोला द्या. एक प्रत घरात, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे, एक ऑनलाइन.

मोडी वाचताना लोक अक्षरापासून सुरुवात करतात आणि दमतात. आधी ओळ आखायची, मग तिला अक्षरं लटकवत जायची, बोरू शक्यतो उचलायचा नाही. शब्द तोडत नाहीत, विरामचिन्हं नाहीत, इकार-उकार ऱ्हस्व का दीर्घ याचा हिशोब नाही. त्यात व्यापाऱ्याचा हात म्हणजे निम्मे शब्द आखडलेले. पत्र असतं तर अवघड होतं. पण तुमच्याकडे हिशोब आहे, आणि हिशोबाला बेरीज असते. आकडा चुकीचा लागला तर खालची बेरीज ओरडून सांगते. म्हणून आकड्यांपासून सुरुवात करा, अक्षरं मागून येतील.

पहिल्या पानावरच्या त्या ओळीचा फोटो टाका. शके जिथे लिहितात तिथे बहुतेक वेळा संवत्सराचं नावही असतं. डाग एका आकड्यावर पडलाय, नावावर नसेल पडला.

पेठेतला (सांगली)

ताई, दप्तरदार काका, खूप आभार. भावाला तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले, तो गप्प झालाय. फोटो टाकला आहे.

दप्तरदार (वाई)

वाचलं. 'श्री शके १८४_ कालयुक्त नाम संवत्सरे कार्तिक शु॥ १'. पहिलं अक्षर थोडं गेलंय, पण 'युक्त' स्वच्छ आहे.

संवत्सरं साठ, त्यामुळे एक नाव साठ वर्षांनीच परत येतं. कालयुक्त म्हणजे शके १८४०. कार्तिक शुद्ध प्रतिपदा म्हणजे दिवाळीचा पाडवा, व्यापाऱ्याचं नवं वर्ष. तेव्हा तुमची वही नोव्हेंबर १९१८ च्या सुरुवातीला उघडली आहे.

एक सांभाळा. दुकानाचं वर्ष पाडव्याला सुरू झालं तरी शक चैत्रात बदलतो. त्यामुळे याच वहीत पुढे शके १८४१ सिद्धार्थी दिसेल, ते दुसरं वर्ष समजू नका. आणि शकात ७८ मिळवून इसवी सन काढाल तो डिसेंबर संपेपर्यंतच. त्यानंतर फाल्गुनअखेर ७९ मिळवायचे.

कृष्णाकाठ (भिलवडी)

नोव्हेंबर १९१८!

म्हणजे ही वही मानमोडीच्या साथीनंतर लगेच उघडली आहे. आमच्याकडे म्हातारी माणसं 'मानमोडीच्या साली' म्हणूनच वय सांगायची. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मुंबई इलाख्यात इन्फ्लुएंझाने कहर केला होता, आणि त्याच वर्षी पाऊसही पडला नव्हता. माझ्या आजीच्या माहेरी एका आठवड्यात तीन माणसं गेली, असं ती सांगायची. पेठेतला, खतावणीत त्या दिवाळीला किती खाती बंद झाली ते बघा.

तंतकार (मिरज)

थोडं अवांतर. आमच्या आजोबांची वही मोडीत नाही, बाळबोधात (देवनागरीत) आहे, पण वाचताना तेवढाच घाम निघतो. तंबोऱ्याच्या कामाची. पंढरपूरकडून आलेले भोपळे, तुणाच्या लाकडाच्या फळ्या, हस्तिदंत, लाख. एका पानावर फक्त भोपळे : किती आले, किती वाटेत फुटले, किती वाळताना गेले. भोपळ्याच्या घेरावरून तंबोरा बाईंचा की बुवांचा ते ठरतं, म्हणून घेरही लिहिलेला. वर्ष लिहिलेलं नाही, पण एका पानापासून आणे जाऊन नवे पैसे येतात. दशमान पद्धत १ एप्रिल १९५७ ला आली, त्यावरून मी वही बसवली.

इतिहास संशोधक वासुदेवशास्त्री खऱ्यांनी आमच्या मिरजेतच पटवर्धन सरदारांचं दफ्तर वाचून काढलं. राजेरजवाड्यांचे कागद वाचले गेले. दुकानदार-कारागिरांचे वाचायला कुणी आलं नाही, ते आपणच वाचायचे.

माणदेशी (दहिवडी)

सगळ्यांचा उत्साह बघून बरं वाटलं, पण एक बोलतो. राग मानू नका.

तुम्हाला ती पणजोबांची आठवण आहे. आमच्यासारख्यांच्या घरात ती वही म्हणजे ज्यात आमच्या खापरपणज्याचा अंगठा आहे ती वही. अडत्यानं पेरणीला उचल द्यायची, मग माल त्याच्याच दुकानात घालायचा, भाव तो सांगेल तो, वर अडत, तोलाई, हमाली कापून हातात काय येईल ते. १८७५ ला सुप्यात लोकांनी सावकाराच्या घरात शिरून कागदच का जाळले? घर लुटण्यापेक्षा खतं, म्हणजे कर्जरोखे, जाळणं त्यांना मोलाचं वाटलं. त्यानंतर १८७९ ला सरकारला पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांचा कायदा करावा लागला. कोर्टानं नुसतं खत बघायचं नाही, देणं मुळापासून तपासायचं, असं त्यात होतं.

तेव्हा वही जपा, जरूर जपा. पण 'आमचे पणजोबा किती नेकीचे' एवढंच त्यातून काढायचं असेल तर वाचू नका.

गुऱ्हाळ (कराड)

माणदेशी, मुद्दा बरोबर, पण सांगली शहर तेव्हा संस्थानात. तो कायदा तिथं लागू नव्हता.

माणदेशी (दहिवडी)

संस्थानात दुकान, पण गिऱ्हाईक? तासगाव, वाळवा, खानापूर तेव्हा इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यातच होते. जिल्हा तुटून दक्षिण सातारा झाला तो १९४९ ला. शेतकऱ्याची गाडी हद्द बघून थांबत नव्हती.

पेठेतला (सांगली)

माणदेशी, राग कशाला? आत्याही वेगळ्या शब्दांत हेच म्हणतात. त्यांना त्या वहीतल्या देण्यांचं ओझं वाटतं. पण नदीत सोडली तर ज्यांचं देणं त्यात आहे त्यांचाही पुरावा जाईल. नेक निघोत की कसेही निघोत, मला पणजोबा खरे कसे होते ते बघायचंय.

कीर्दीतल्या एका दिवसाची नावे (खर्चाची) बाजू टाकतो आहे. शेवटच्या आकड्यापाशी अडलोय.

दप्तरदार (वाई)

फोटो मिळाला. आणे लिहायची रीत नव्या मंडळींसाठी सांगतो. रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार. रुपयाच्या आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव रुपया, चार आणे. दोन उभ्या आठ, तीन उभ्या बारा. त्यापुढच्या आडव्या रेघा एकेका आण्याच्या. म्हणून ३॥= म्हणजे तीन रुपये दहा आणे.

तुमच्या पानावर :

हमाली ३॥=
तोलाई १।-
बारदान _॥।≡
एकूण ९॥।=

बारदानाचा (पोत्यांच्या खर्चाचा) रुपया ४ आहे की ५, यावर तुम्ही अडलात. बेरीज करा. दहा, पाच आणि पंधरा आणे मिळून तीस, म्हणजे एक रुपया चौदा आणे. खाली चौदा आणे आहेतच. वर रुपये नऊ हवेत : हातचा एक, हमालीचे तीन, तोलाईचा एक, झाले पाच. राहिले चार. बारदान ४॥।≡. आता त्या चाराचं वळण नीट बघून ठेवा, पुढे प्रत्येक पानावर हाच हात आहे.

आणि मणाचे किलो करायला जाऊ नका. मण चाळीस शेरांचा, पण शेर गावोगाव वेगळा. उतरवताना मण-शेर तसेच ठेवा.

अंजनीची_बाई (तासगाव)

मी निवृत्त गणित शिक्षिका. दप्तरदारांची बेरीज बघून राहवलं नाही. पेठेतला, तो 'ध' काय आहे ते अक्षरावरून शोधू नका. त्या त्या दिवशी किती पोती विकली आणि 'ध' पुढे किती रक्कम आहे, एवढे दोनच आकडे काही दिवसांचे द्या.

पेठेतला (सांगली)

बाई, हे घ्या :

४८ पोती, ॥।
१६ पोती, ।
२० पोती, ।-
६४ पोती, १ रुपया

अंजनीची_बाई (तासगाव)

व्याज नाही! बारा आण्यांचे पैसे अठ्ठेचाळीस. चार आण्यांचे सोळा. पाच आण्यांचे वीस. रुपयाचे चौसष्ट. पोत्यामागे बरोबर एक पैसा. व्याज असतं तर ते रकमेवर आणि दिवसांवर फिरलं असतं, पोत्यांवर नाही.

दप्तरदार (वाई)

शाब्बास बाई! ध॥ म्हणजे धर्मादाय, दानधर्माची रक्कम. इथल्या दोन रेघा आठ आणे नाहीत, शब्द आखडल्याची खूण आहे. पोत्यामागे ठरलेला पैसा बाजूला काढायची पेठेत रीत असे. पेठेतला, खतावणीत धर्मादायाचं स्वतंत्र खातं असणार. तिथे नुसती जमा नाही, खर्चही दिसेल.

माणदेशी (दहिवडी)

बाईंना नमस्कार. फक्त एवढं बघा, तो पैसा दुकानदाराच्या खिशातून जायचा की शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशोबातून, कापला जायचा?

कृष्णाकाठ (भिलवडी)

+१. प्रश्न रास्त आहे.

पेठेतला (सांगली)

उशीर झाला. दप्तरदार काकांनी फोनवरून बरोबर बसून वाचून घेतलं, म्हणून हे लिहिता येतंय.

माणदेशी, पैसा पट्टीतून कापलेला आहे. विकणाऱ्याच्या हिशोबात हमाली आणि तोलाईच्या खाली ध॥ वजा आहे. तेव्हा दान शेतकऱ्याचं, हात पणजोबांचा. हे मी घरात सगळ्यांना सांगितलं.

धर्मादायाचं खातं सापडलं. पांजरपोळाला कडबा, दर महिन्याला. पाणपोईचे माठ. आणि पहिल्याच महिन्यात पाठोपाठ नोंदी आहेत : लाकडे, लाकडे, कापड, लाकडे. नावं नाहीत. एका ओळीत फक्त 'परगावचा हमाल'. साथ तेव्हा ओसरत असणार, पण संपली नव्हती.

खाती बंद झाली का, हे कृष्णाकाठ यांनी विचारलं होतं. झाली आहेत. खतावणीत बऱ्याच खात्यांवर 'मयत' असा शेरा आहे. त्यातल्या काहींची बाकी मुलाच्या नावावर ओढली आहे, व्याजासकट. काहींपुढे 'सूट' लिहून खातं मिटवलंय. कुणाला सूट आणि कुणाला नाही, याचा नियम मला अजून दिसला नाही. एका बाईंच्या नावावर बाकी ओढली, तीन महिन्यांनी अकरा रुपये जमा, आणि मग उरलेल्याला सूट. ते अकरा रुपये तिने कुठून आणले असतील, हे डोक्यातून जात नाही.

पेवांच्या, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांच्याही नोंदी आहेत. हरिपूरला आमचं पेव होतं हे घरात ऐकलं होतं, पण त्याचं भाडं, पाल्याचा खर्च, भरायची आणि उपसायची मजुरी असं सगळं वेगवेगळं लिहिलंय.

गुऱ्हाळ (कराड)

पेवाच्या नोंदींचे फोटो नक्की टाका. २००५ च्या पुरात हरिपूरची कितीतरी पेवं गेली. तोंड लहान, आत पंचवीस फूट खोल, हळद वर्षानुवर्षं किडीशिवाय राहायची. उघडल्यावर तासन्‌तास मोकळं ठेवून, आत कंदील सोडून बघायचे. विझला तर माणूस उतरवायचा नाही. उपसायची मजुरी भरण्यापेक्षा जास्त आहे का ते बघा, असायला हवी.

पेठेतला (सांगली)

जास्त आहे. जवळजवळ दुप्पट.

शाई_कागद

आता एक नाजूक प्रश्न. खतावणीत कर्जदारांची नावं, गावं, जाती, गहाण ठेवलेले जिन्नस असतील. त्यांची नातवंडं-पतवंडं त्याच गावांत आहेत. फोटो उघड टाकताना नावं झाका, ही विनंती. मूळ वही किंवा पूर्ण प्रत पुराभिलेखागारात द्या. पुणे आणि कोल्हापूर, दोन्ही तुम्हाला सोयीचे आहेत. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातही विचारा. अभ्यासकाला तिथे नीट बघता येईल.

माणदेशी (दहिवडी)

ताई, इथं मी उलट बोलणार. नावं झाकली तर ज्याचं खातं आहे त्याच्या पतवंडानं शोधायचं कसं? आमच्याकडं खापरपणज्याचं नाव सोडून काहीच लिहिलेलं नाही. सातबारा आहे, तो पुढचा. कुठल्यातरी वहीत त्याच्या नावापुढं चार रुपयांचं बियाणं लिहिलेलं सापडलं तर मला त्याची लाज नाही वाटायची. तो होता, पेरत होता, हे तरी कळेल. देणं गरिबीचं होतं, चोरीचं नव्हतं.

शाई_कागद

तुम्हाला वाटणार नाही, शेजारच्याला वाटेल. गहाण ठेवलेलं मंगळसूत्र गावभर दिसावं असं प्रत्येकाला वाटत नाही. मी मतावर ठाम आहे.

अंजनीची_बाई (तासगाव)

दोघांचंही पटतंय. गावांची यादी उघड लावावी, नावं मागेल त्याला दाखवावीत. आमचं गाव यादीत असेल तर मी पहिली मागणार.

पेठेतला (सांगली)

तसंच करतो. गावांची यादी याच धाग्यावर टाकेन, ज्यांना आपलं घर शोधायचंय त्यांनी व्यक्तिगत निरोप पाठवा. माणदेशी, माण तालुक्यातली दोन गावं आतापर्यंत दिसली आहेत, तुम्हाला फोटो पाठवले. आत्यांना धर्मादायाचं खातं वाचून दाखवलं. विसर्जनाचं त्या आता बोलत नाहीत, पण वह्या देवघराशेजारी नकोत म्हणाल्या. कोरड्या खोलीतल्या लाकडी कपाटात ठेवल्या आहेत. चिकटलेल्या पानांसाठी शाई_कागद ताईंनी सुचवलेल्या ठिकाणी जाणार आहे.

काका, कीर्दीच्या ३१ व्या पानाची बेरीज एका आण्याने कमी येते. तीनदा तपासली.

दप्तरदार (वाई)

पान डावीकडे शिवणीत गेलंय, तिथली एखादी आडवी रेघ फोटोत लपली असेल. वही जोर देऊन उघडू नका. खाली दोन्ही बाजूंना घडी केलेलं कापड ठेवा, उजेड उजवीकडून घ्या आणि फक्त शिवणीजवळचा भाग काढून पाठवा. आणि पानाच्या माथ्यावर 'मागील पानावरून' ओढलेली रक्कम धरली आहे ना, तेही बघा.

अंजनीची_बाई (तासगाव)

३० व्या पानाचाही फोटो टाका. ओढताना तिथेच आणा राहिला असेल तर तो इथे आलेलाच नसणार.